आठव्यातले मूल

सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, पण आठव्या महिन्यात जन्मलेले जगत नाही, अशी आमच्याकडे एक समजूत आहे. माण तालुक्यातल्या आमच्या गावात ही गोष्ट कोणी कोणाला मुद्दाम शिकवत नाही. पावसाळ्यामागून हिवाळा येतो हे जसे सर्वांना ठाऊक असते, तशी ती ठाऊक असते. गेल्या वर्षापर्यंत मलाही ती खरीच वाटत होती. गेल्या वर्षी माझी थोरली बहीण, अक्का, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आणि तिला आठव्या महिन्यातच मुलगी झाली. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत मी जे पाहिले, दवाखान्यातल्या सिस्टरांना जे विचारले आणि पुढे ग्रंथालयात बसून जे वाचले, ते येथे लिहीत आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु यातली निम्मी माहिती जरी आमच्या घरात आधी कोणाला असती, तरी पुष्कळ बरे झाले असते, म्हणून हा लेखनप्रपंच.

भाद्रपद संपत आला होता. अक्काच्या पायांना सूज होती, पण गरोदरपणात पाय सुजतातच म्हणून कोणी लक्ष दिले नव्हते. एका दुपारी तिचे डोके असह्य दुखू लागले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. आशाताईंना बोलावले. त्यांनी पाहताक्षणी सांगितले, "घरात थांबू नका." ग्रामीण रुग्णालयात रक्तदाब १७० वर ११० निघाला. तेथल्या डॉक्टरीणबाईंनी एक इंजेक्शन दिले. "हे बाळाच्या फुप्फुसांसाठी," एवढेच त्या म्हणाल्या आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलावून आम्हांला जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात पाठविले. तेथे रक्तदाब आटोक्यात येईना. गरोदरपणात असा रक्तदाब चढला आणि आईच्या जिवावर बेतू लागले, की बाळंतपण उरकणे हाच खरा उपाय असतो. दुसऱ्या दिवशी उत्तररात्री अक्का बाळंत झाली. मुलीचे वजन भरले १६०० ग्रॅम.

सिस्टरांनी केसपेपर आणून दिला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो कागद माझ्यापुढे धरला आणि विचारले, "काय लिवलंय?" त्यावर इंग्रजीत 'प्रीटर्म, ३३ आठवडे' असे लिहिले होते. टर्म म्हणजे कॉलेजचे सत्र, एवढेच मला ठाऊक. सर्वजण माझ्या तोंडाकडे पाहत होते आणि मला त्या एका शब्दाचा अर्थ लागत नव्हता. इंग्रजी घेऊन बारावी पास झाल्याची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. आजीने मात्र कागदाकडे पाहिलेही नाही. तिने बोटांवर महिने मोजले आणि म्हणाली, "आठव्यातलं हाय ते. कुणी जीव लावू नगा."

त्या एका वाक्याने घरातली सगळी हालचाल थांबली. आईने शिवायला घेतलेली दुपटी घडी करून पिशवीत ठेवून दिली. दाजींना फोन करायचा होता, तो कोणी केला नाही. बाळ वरच्या मजल्यावर श्वास घेत होते आणि खाली आम्ही जणू ते गेल्यासारखे बसलो होतो.

आता त्या कागदाचा अर्थ सांगते. डॉक्टर गरोदरपण महिन्यांनी मोजत नाहीत, आठवड्यांनी मोजतात. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ४० आठवडे, म्हणजे २८० दिवस, हा पूर्ण काळ. आपल्या बायका 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणतात, त्याचा हिशेबही जवळजवळ तेवढाच येतो. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जे मूल जन्मते ते अपुऱ्या दिवसांचे. त्यातही २८ आठवड्यांच्या आतले मूल सर्वांत नाजूक, २८ ते ३२ मधले त्याहून बरे आणि ३२ ते ३७ मधले आणखी बरे. अक्काचे बाळ ३३ आठवड्यांचे, म्हणजे आठव्या महिन्यातलेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे अशी दिवस न भरता जन्मली, आणि त्यांतली सुमारे ३० लाख एकट्या भारतात. कोणत्याही देशापेक्षा हा आकडा मोठा आहे. तेव्हा हे संकट आमच्याच घरावर कोसळले होते असे नाही. पण त्या रात्री आम्हांला तसेच वाटले होते.

मग आठव्याची ही समजूत आली कोठून? माझी कल्पना अशी की ती आमच्या भागातल्या अडाणीपणातून आली असावी. ती कल्पना चुकीची निघाली. प्राचीन ग्रीसमध्ये हिपॉक्रेटिसच्या नावावर जो ग्रंथसंग्रह आहे, त्यात आठव्या महिन्यातल्या मुलावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यातही हेच सांगितले आहे. आपल्या सुश्रुतसंहितेतही आठव्या महिन्यात गर्भाचे ओज स्थिर नसते, म्हणून त्या महिन्यात जन्मलेले मूल जगत नाही, असे म्हटले आहे. म्हणजे दोन हजार वर्षे मोठमोठे विद्वान आमच्या आजीच्याच बाजूचे होते!

तरीही ही समजूत खोटी आहे. पोटातला प्रत्येक आठवडा बाळाला अधिक पक्व करतो, त्यामुळे आठव्यातल्या मुलाची जगण्याची शक्यता सातव्यातल्यापेक्षा केव्हाही जास्तच असते. मग सातव्यातली मुले जगलेली लोकांनी पाहिली ती कशी? एक कारण महिने मोजण्यातली चूक हे असावे. दुसरे कारण लिहिताना वडीलधाऱ्यांनी मला क्षमा करावी. लग्नानंतर सातव्या महिन्यात जन्मलेले गुटगुटीत मूल पूर्वी 'सातमाशी' म्हणूनच सांगितले जात असणार, आणि अशी मुले जगायचीच! पण माझ्या मते याहून गंभीर गोष्ट वेगळी आहे. सातव्यातले जगते म्हटल्यावर त्याला जगविण्याची धडपड होते. आठव्यातले जगत नाही म्हटल्यावर ती होत नाही, आणि मग समजूत आपोआपच खरी ठरते.

बाळाला पहिली अडचण श्वासाची होती. काचेतून पाहिले तेव्हा ते प्रत्येक श्वासाला कण्हत होते आणि बरगड्यांखालची जागा आत ओढली जात होती. आपल्या फुप्फुसांत हवेचे लक्षावधी बारीक फुगे असतात, त्यांना वायुकोश म्हणतात. ते आतून ओलसर असतात. ओली प्लॅस्टिकची पिशवी उघडताना तिच्या दोन्ही बाजू जशा एकमेकींना चिकटून बसतात, तसे हे फुगे श्वास सोडल्यावर चिकटून बसायला हवेत. ते चिकटू नयेत म्हणून शरीर एक साबणासारखा स्निग्ध पदार्थ तयार करते. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. हा पदार्थ पुरेसा तयार व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच कष्टाने घ्यावा लागतो.

हे कारण १९५९ साली अमेरिकेत मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवून दिले. पण कारण कळले म्हणून उपाय लगेच सापडला नाही. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला, साडेपाच आठवडे आधी. त्याचे नाव पॅट्रिक. वजन सुमारे २१०० ग्रॅम, म्हणजे आमच्या बाळापेक्षा अर्धा किलो जास्तच. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या अध्यक्षाचा मुलगा, हाताशी उत्तम डॉक्टर. तरी ३९ तासांनी तो याच आजाराने गेला. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसतीच बसून राहिले.

त्यानंतर मात्र चित्र पालटत गेले. १९७१ साली जॉर्ज ग्रेगरी यांनी बाळाच्या फुप्फुसांत सतत थोडा हवेचा दाब ठेवून वायुकोश उघडे राखण्याची पद्धत दाखविली. आमच्या बाळाच्या नाकात दोन बारीक नळ्या होत्या आणि बाजूच्या बाटलीत पाण्याचे बुडबुडे येत होते, ती हीच पद्धत. १९७२ साली न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी सिद्ध केले, की लवकर प्रसूती होईल असे दिसताच आईला स्टिरॉईडचे इंजेक्शन दिले तर पोटातल्या बाळाची फुप्फुसे झपाट्याने तयार होतात. लिगिन्स यांना याचा सुगावा लागला तो मेंढ्यांवर प्रयोग करताना! पुढे १९८० साली जपानमध्ये फुजिवारा यांनी सर्फॅक्टंट थेट बाळाच्या फुप्फुसांत सोडण्यात यश मिळविले. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी गाडी येण्याआधी दिलेले इंजेक्शन कशासाठी होते, हे मला असे दोन महिन्यांनी कळले. ते औषध महाग नाही आणि त्याला मोठे यंत्रही लागत नाही. फक्त ते वेळेवर मिळावे लागते.

तिसऱ्या दिवशी नळ्या निघाल्या. आता दुसरी अडचण होती, उबेची. पोटातल्या शेवटच्या आठवड्यांत बाळाच्या कातडीखाली चरबी साठते. आमच्या बाळाला ती नव्हतीच. कातडी इतकी पातळ की शिरा मोजून घ्याव्यात. असे बाळ थंड पडले की त्याची सारी शक्ती अंग तापविण्यात जाते, साखर उतरते, श्वास मंदावतो. म्हणून त्याला लगेच अंघोळ घालीत नाहीत. बाळाला पेटीत ठेवतील असे आम्हांला वाटले होते. पण सिस्टर म्हणाल्या, "आता पेटीपेक्षा माणूस बरा. कोण घेणार छातीशी?"

या पद्धतीला कांगारू पद्धत म्हणतात. बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट घालून उघड्या छातीवर उभे धरायचे, कातडीला कातडी लागली पाहिजे, आणि वरून कापडाने घट्ट बांधून घ्यायचे. ही पद्धत श्रीमंतीतून जन्मली नाही. कोलंबिया देशात बोगोटा येथील एका गर्दीच्या रुग्णालयात पेट्या पुरत नव्हत्या, तेव्हा डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी १९७८ साली आयांनाच पेट्या केले. पेटी परवडत नाही त्यांच्यासाठी हा पर्याय, असेच पुष्कळ वर्षे समजले जाई. पण भारतासह पाच देशांत एक मोठी पाहणी झाली आणि ती २०२१ साली प्रसिद्ध झाली. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही तीत होते. एक किलो ते १८०० ग्रॅम वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर छातीशी धरले, तेव्हा पहिल्या महिन्यात शंभरातली १२ दगावली. आधी यंत्रावर स्थिर करून मग छातीशी दिले, तेव्हा जवळजवळ १६. आईचे अंग हे पेटीहून कमी दर्जाचे नाही, हे असे आकड्यांनी सिद्ध झाले.

आमच्याकडे अक्काचा रक्तदाब अजून उतरला नव्हता. ती दुसऱ्या वॉर्डात झोपून होती. आईला खोकला, म्हणून तिला मनाई. तेव्हा पहिली पाळी माझी आली. दवाखान्याचा पुढून उघडणारा अंगरखा घालून मी खुर्चीवर बसले आणि सिस्टरांनी ते बाळ माझ्या छातीवर ठेवले. त्याचे वजन जाणवलेच नाही. जाणवली ती फक्त त्याची हालचाल, पोलक्यात चिमणीचे पिलू ठेवावे तशी. तीन तासांनी माझी पाठ भरून आली. सिस्टरांनी विचारले, "दुसरं कोण आहे?" दाराशी आजी बसलेली होती.

आजी उठेना. "माज्या हातात नगं," ती म्हणाली. "माजा हात चांगला न्हाई."

सिस्टर तिच्यावर रागावल्या नाहीत. "आजी, हात कोपरापर्यंत साबणानं धुवा, मिश्री आजपासून बंद करा, आणि इथं बसा," एवढेच त्या म्हणाल्या. आजीने पन्नास वर्षांची मिश्रीची डबी माझ्या हातात दिली. बाळाला छातीशी बांधल्यावर बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिने जे सांगितले ते आमच्या घरात आण्णांनाही ठाऊक नव्हते. आण्णांच्या आधी तिला एक मुलगा झाला होता, आठव्यातला. सुईणीने महिना विचारला आणि त्याला चिंध्यांत गुंडाळून सुपात ठेवले. "रडत हुता गं. बारीक रडत हुता. मी घ्याया गेले तर सासू म्हनाली, लळा लावू नगंस." दोन दिवस तो त्या सुपात होता. आण्णांचा जन्म शाळेच्या दाखल्यावर १९८० चा आहे आणि हे त्याआधी दोन वर्षे घडले. म्हणजे ज्या साली बोगोटात आयांनी आपली बाळे छातीशी बांधून घेतली, तेच साल.

"त्याला बी असंच धरलं आस्तं तर?" आजीने मला विचारले. शिकलेली मी होते, म्हणून मला विचारले. दोन दिवस जे मूल रडते त्याला श्वास घेता येत होता, हे तोवर मला सिस्टरांच्या बोलण्यावरून कळू लागले होते. त्याला कमी पडली ती ऊब आणि दूध. मी आजीला ते सांगितले नाही. "काय सांगता येतंय," एवढेच म्हणाले. त्या दिवसापासून दुपारची पाळी आजीने कोणाला दिली नाही.

दुधाची गोष्ट थोडक्यात सांगते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे ही तिन्ही कामे एका तालात करणे बाळाला साधारण ३४ आठवड्यांनंतर जमते. त्याआधी पाजले तर दूध श्वासनलिकेत जाण्याचा धोका. म्हणून आधी नाकातोंडातून पोटात घातलेल्या नळीने आणि मग बोंडल्यासारख्या छोट्या भांड्याने थेंबथेंब दूध देत. दूध मात्र अक्काचेच, हाताने काढलेले. पहिले घट्ट पिवळे दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, ते टाकून देण्याची आमच्याकडे रीत होती. तेच बाळाला रोगांपासून राखते. ज्या आईला दूध येत नाही तिच्या बाळासाठी दुसऱ्या आयांच्या दुधाची पेढी असते. आशियातली अशी पहिली पेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू केली. आमच्या बाळाचे वजन पहिल्या आठवड्यात १४८० पर्यंत उतरले, तेव्हा आजीच्या तोंडाकडे पाहवेना. परंतु सुरुवातीला असे वजन उतरतेच. बाराव्या दिवशी ते पुन्हा १६०० झाले आणि विसाव्या दिवशी १७८० वर आम्ही घरी आलो. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाला मोफत उपचार देण्याची योजना २०११ पासून आहे, त्यामुळे कर्ज काढावे लागले नाही.

घरी आल्यावर काम संपले नाही. अशा बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत तपासून घ्यावे लागतात, कारण डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अपुऱ्या असतात आणि त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर कायमचे आंधळेपण येते. बाहेरून डोळा अगदी चांगला दिसतो. १९४०-५० च्या काळात पेट्यांतून हवा तितका प्राणवायू दिल्यामुळे हजारो बाळे आंधळी झाली होती. प्राणवायूचेही मोजमाप लागते, हा धडा तेव्हा मिळाला. "पोर चांगलं बघतंय की, कशाला एस्टीनं एवढं लांब न्यायचं?" असे शेजारी म्हणत होते. आम्ही नेले. डोळे ठीक निघाले. दुसरी गोष्ट वयाची. सात आठवडे लवकर आलेल्या मुलाचे वय मोजताना ते सात आठवडे वजा करायचे असतात. शेजारच्या तान्ह्याने मान धरली आणि आपल्याने नाही, म्हणून अक्का रडत बसे. हा हिशेब सांगितल्यावर तिचे रडणे थांबले.

लोकांनी अक्कालाही पुष्कळ बोल लावले. तिने ग्रहण पाळले नाही, ती विहिरीवर गेली. खरे कारण तिचा रक्तदाब होता. अंगात रक्त कमी असणे, जंतुसंसर्ग, जुळी बाळे, दोन बाळंतपणांत कमी अंतर, मिश्री-तंबाखू, ही इतर कारणे. आणि कित्येकदा कारण सापडतच नाही. ज्या बाईचे बाळ काचेमागे आहे तिला कारण विचारत बसण्यापेक्षा तिच्या हातात चहाचा कप द्यावा.

हे सर्व शहरातच शक्य आहे असेही नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९९५ पासून ३९ गावांतल्या साध्या बायकांना बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, शिवलेल्या उबदार पिशवीत बाळाला ठेवणे शिकविले आणि तीन वर्षांत तेथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. आज आशाताई घरोघर जाऊन तान्ही बाळे पाहतात, त्यामागे हा अनुभव आहे.

आमची भाची आता अकरा महिन्यांची आहे, हिशेबाने साडेनऊ. आजीने मिश्री पुन्हा सुरू केली नाही. गावात कोणाकडे लवकर बाळंतपण झाले, की लोक अजून सवयीने आधी महिना विचारतात. परवा आमच्या ओट्यावर कोणीसे म्हणाले, "आठव्यातलं हाय म्हनं." आजी शेंगा फोडीत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मग आदी छातीशी धरा म्हनावं. म्हैना मागनं मोजा."